सेट शेवटी घ्या

हॅम रेडिओची ओढ लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : सेट कोणता घेऊ? मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशा सुरू होतात, इंटरनेटवर किमती पाहिल्या जातात, आणि स्वस्तात मिळतो म्हणून एखादा चिनी हँडसेट घरी येतोसुद्धा. आता तो हातात आला म्हटल्यावर बटण दाबायचा मोह आवरत नाही. पण परवाना नसताना ते बटण दाबणं हा गुन्हा आहे. शिवाय हा छंद म्हणजे हातात धरून बोलायचं यंत्र, अशी समजूत एकदा पक्की झाली की पुढचं सगळं उलट्या क्रमाने घडत जातं. मनासारखं कोणी भेटत नाही, चार दिवसांत कंटाळा येतो आणि सेट कपाटात जातो.

म्हणून या प्रकरणात सेटचा नंबर मुद्दाम शेवटी लावला आहे. आधी ऐकायचं, मग तार बांधायची, मग परीक्षा द्यायची. हा क्रम पाळणारा माणूस या छंदात टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

हॅम म्हणजेच हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, पैशाचा कोणताही व्यवहार न ठेवता, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर स्वतःचं केंद्र चालवणं. आपल्याकडे याची सुरुवात कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तूंपासून, १९२१ पासून मानतात. जगभरच्या हौशी मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना १८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये स्थापन झाली, म्हणून तो दिवस जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. मोबाइलवर जगात कुठेही बोलता येत असताना हे कशाला, असं घरचे विचारतातच. मोबाइलवरचं बोलणं कंपनी पोहोचवते. इथे ते तुम्ही पोहोचवता. तुमची तार, तुमची वेळेची निवड, तुमचा अंदाज आणि डोक्यावरचं आकाश एवढ्यावर समोरच्याचा आवाज येणार की नाही हे ठरतं. तो येतो तेव्हा का आला, हेही तुम्हाला कळलेलं असतं. या कळण्यातच सगळी गोडी आहे.

ऐकायला परीक्षा लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. संगणकावरून त्याची फ्रिक्वेन्सी आपण फिरवायची आणि तिथला शॉर्टवेव्ह पट्टा घरबसल्या ऐकायचा. पण त्यात युरोपचं आकाश ऐकू येतं. कान तयार करायला ते उत्तम, तरी आपल्या गच्चीवरचं आकाश ऐकण्याला पर्याय नाही. त्यासाठी एसएसबीची सोय असलेला छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ किंवा संगणकाला लावायचा एसडीआर डोंगल घ्यावा. डोंगल घेताना तो शॉर्टवेव्हही पकडतो ना, हे विचारून घ्या. साधे डोंगल साधारण २४ मेगाहर्ट्झच्या वरच सुरू होतात आणि नवख्याला हवं ते बहुतेक सगळं त्याच्या खाली असतं.

एसएसबी म्हणजे काय, हे वाचण्यापेक्षा एकदा ऐकलेलं बरं. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरच्या प्रसारणात आवाजाबरोबर एक कायमची वाहक लहर पाठवली जाते आणि बरीचशी शक्ती तीच खाते. हॅम मंडळी ती लहर आणि आवाजाची एक बाजू काढून टाकतात, उरलेली एकच बाजू पाठवतात. त्यामुळे कमी शक्तीत आवाज लांब जातो. मात्र काढून टाकलेली लहर ऐकणाऱ्याच्या रेडिओने स्वतः पुरवावी लागते, आणि तीही नेमक्या जागी. साध्या रेडिओवर एसएसबी लागलं तर नुसती गुरगुर ऐकू येते. सोय असलेल्या रेडिओवर आधी चिरका, नाकातला, काहीच न उमजणारा आवाज येतो. मग बटण अगदी हळू, एका वेळी दहा-वीस हर्ट्झ फिरवत गेलं की तो आवाज उतरत उतरत माणसाचा होतो आणि एका ठिकाणी शब्द स्वच्छ उमटतात. दहा मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी, म्हणजे आवाजाची खालची बाजू, आणि वर यूएसबी, म्हणजे वरची बाजू, लावायची, हा संकेत जगभर पाळला जातो. ते उलटं लावलं तर कितीही फिरवा, शब्द लागणार नाहीत.

सुरुवात ७ मेगाहर्ट्झपासून करावी. आपल्याकडे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी केंद्रांना मिळालेला आहे. हॅम त्याला फॉर्टी मीटर म्हणतात. दिवसाउजेडी इथे पुण्याला नाशिक, कोल्हापूर, हैदराबाद असं चार-पाचशे किलोमीटरच्या टापूतलं बोलणं लागतं. एकाच वेळी पाच-सहा जण ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात, त्याला नेट म्हणतात. एक जण सूत्रं सांभाळतो, बाकीचे पाळीपाळीने बोलतात. हवापाणी, बाजारात आलेले नवे भाग, कोणाची तार पावसात तुटली, सगळं निघतं. हिंदी आणि इंग्रजी जास्त, पण मराठीही कानी पडते. वयाने कितीही मोठा असो, समोरच्याला ‘ओएम’ (ओल्ड मॅन) म्हणायचं, ही इथली रीत. मराठी मंडळी त्याला ‘साहेब’ किंवा ‘काका’ जोडून आपली सोय करून घेतात.

सूर्य मावळला की चित्र पालटतं. दुपारी खणखणीत येणारा नाशिककर विरत जातो आणि त्याच्या जागी दिल्ली, कोलकाता, पुढे आग्नेय आशिया येऊ लागतो. नवख्याला वाटतं, रेडिओ बिघडला. बिघडत काही नाही, वरचे थर बदललेले असतात. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवर ‘डी’ नावाचा थर आहे. उन्हात तो तयार होतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो. त्याच्या खूप वर, दोनशे-तीनशे किलोमीटरवर ‘एफ’ थर आहे. तो लहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. दिवसा एफ थर दाट असल्यामुळे जवळजवळ उभी वर गेलेली लहरही परतते आणि जवळचा माणूस ऐकू येतो. रात्री तो विरळ होतो, उभी लहर आरपार निघून जाते, तिरपी गेलेली तेवढी परतते आणि ती थेट लांब जाऊन पडते. मधल्या टापूत काहीच पोहोचत नाही. या थरांच्या अभ्यासात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. कोलकात्याचे शिशिरकुमार मित्र यांचा ‘द अपर अॅटमॉस्फिअर’ हा ग्रंथ १९४७ मध्ये निघाला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वापरला. मित्रांनी पुस्तकात मांडलेलं विज्ञान तुम्हाला खिडकीशी बसून रोज संध्याकाळी ऐकता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

१४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ट्वेंटी मीटरचा पट्टा साधारण उलटा वागतो. तो दिवसा आणि तिन्हीसांजेला युरोप, आफ्रिका, जपानपर्यंत नेतो आणि बरेचदा रात्री झोपतो. वरचे पट्टे किती उघडतात, हे सूर्यावरच्या डागांवर अवलंबून असतं. ते चक्र साधारण अकरा वर्षांचं.

हे ऐकत असतानाच वही ठेवा. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कोणाचं केंद्र, आवाज कसा. महिनाभर अशी वही ठेवणाऱ्याला परीक्षेतला लहरींचा धडा पाठ करावा लागत नाही.

आता तार. सेटवर पन्नास हजार घालणारा माणूस अँटेनावर पाचशे रुपये घालायला कचरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सुरुवातीला हाफ वेव्ह डायपोलइतकी चांगली अँटेना दुसरी नाही, आणि ती घरी होते. फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये घ्या आणि १४३ ला तिने भागा. येईल तेवढे मीटर तार. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येतं २० मीटर १४ सेंटीमीटर. मधोमध तोडून दोन हात करायचे, प्रत्येक दहा मीटरच्या थोडा वर. हे सूत्र उघड्या, उंच, सरळ ताणलेल्या तारेचं आहे. विजेच्या दुकानातली प्लॅस्टिक चढवलेली दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर ती आणखी थोडी आखूड लागते. पण म्हणून आधीच आखूड कापू नका. प्रत्येक हात साडेदहा मीटर ठेवा आणि बांधून झाल्यावर कमी करत या.

मध्यभागी अॅक्रिलिकचा किंवा जाड पीव्हीसीचा तळहाताएवढा तुकडा घ्या. त्याला भोकं पाडून दोन्ही तारा आधी गाठीने अडकवायच्या आणि मग जोड द्यायचा, म्हणजे ओढ जोडावर न येता तुकड्यावर येते. कोअॅक्सिअल केबलची मधली तार एका हाताला, बाहेरची जाळी दुसऱ्या हाताला डाग देऊन जोडा. जोडाच्या खालीच केबलचे आठ-दहा वेढे चार इंची पीव्हीसी पाइपवर घालून बांधून टाका, म्हणजे केबलच्या अंगावरून लहरी घरात उतरत नाहीत. मधला भाग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वर बांबूला बांधा आणि दोन्ही हात उताराने कठड्याकडे न्या. दोन हातांतला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. टोकाला नायलॉनची दोरी. प्रक्षेपण करताना तारेच्या टोकांवर मोठा दाब असतो, म्हणून ती टोकं मुलांच्या किंवा कपडे वाळत घालणाऱ्यांच्या हाताला लागता कामा नयेत. आणि विजेच्या तारांच्या जवळपास, वर किंवा खाली, अँटेनाची तार कधीही नेऊ नका. या छंदात जीव जाऊ शकेल अशा जागा फार नाहीत, पण ही त्यातली पहिली आहे.

मग मोजणी. ओळखीच्या हॅमकडून अँटेना अॅनालायझर मागून आणा. तो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, सर्वांत कमी आहे, ते दाखवतो. तार लांब असल्यामुळे ती फ्रिक्वेन्सी ७ च्या खाली दिसेल, समजा ६.८. आता दोन्ही हातांतून सारखं कापत जायचं. प्रत्येक हातातून दहा सेंटीमीटर कापलं की ती साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकते. ७.१ वर आकडा दीडच्या आत आला की थांबा. हे काम एकट्याने करू नये. एक जण टाकीशी, एक कठड्याशी, एक मीटरपाशी असला की तासाभरात होतं, आणि त्या तासात ओळखीचा हॅम गुरू होऊन जातो. या छंदातलं बहुतेक शिक्षण असंच, गच्चीवर झालेलं आहे.

आपल्या हवेची थोडी वेगळी काळजी घ्यावी लागते. कोकणात खारी हवा उघडं तांबं वर्षभरात हिरवं करते. सगळीकडेच पावसाचं पाणी केबलच्या जाळीतून आत झिरपतं आणि अँटेना हळूहळू बहिरी होते. म्हणून जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळायची, आणि केबल घरात घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथून गळून जातं. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दिसायच्या आधी ७ मेगाहर्ट्झवर त्यांची कडकड ऐकू येते. ती वाढू लागली की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकावी.

सोसायटीत राहणाऱ्यांनी तार बांधण्याआधी सेक्रेटरींना भेटावं. बांधून झाल्यावर नव्हे. एक बारीक तार आहे, मनोरा नाही, हे गच्चीवर नेऊन दाखवलं की निम्मा विरोध मावळतो. उलट त्रास तुम्हालाच जास्त होणार आहे. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, सोलरचे इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर शॉर्टवेव्हवर सतत खरखर ओततात. तिचा उगम शोधायची पद्धत सोपी आहे : रेडिओ बॅटरीवर लावायचा आणि घराचा मेन स्विच बंद करायचा. खरखर गेली तर चोर घरातच. मग एकेक फ्यूज लावत शोधायचं. माझ्या ओळखीच्या बहुतेकांना तो स्वयंपाकघरात किंवा टीव्हीमागे सापडला आहे.

परीक्षेची भीती अकारण घातली जाते. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा ती घेते आणि अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. श्रेणी दोन : रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता-देता यावं लागतं. त्या श्रेणीत शक्तीची मर्यादाही जास्त असते. संकेतनाम जनरलला व्हीयू२ने आणि रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ने सुरू होतं, पुढे तीन अक्षरं. राजीव गांधींचं व्हीयू२आरजी हे मात्र जुन्या काळचं, दोनच अक्षरांचं. अभ्यास दहावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या आसपासचा आहे : ओहमचा नियम, अनुनाद, रिसीव्हरची रचना, अँटेना, लहरींचा प्रवास. दुसरा भाग नियमांचा. तो कोरडा वाटतो, पण छंदाची सभ्यता त्यातच आहे. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषेत बोलायचं नाही, प्रत्येक वेळी स्वतःचं संकेतनाम सांगायचं. नियमांत आणि शुल्कात बदल होत असतात, म्हणून अर्ज भरताना विभागाची ताजी माहिती पाहावी. उत्तीर्ण झाल्यावर पडताळणीत महिनेच्या महिने जातात. ज्याच्याकडे रिसीव्हर आणि तार आहे, त्याला हा काळ जड जात नाही.

जमत असेल तर मोर्स शिका, परीक्षेला नको असलं तरी. बीएसएनएलची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हॅम पट्ट्यांवर मोर्स रोज ऐकू येतं, कारण गोंगाटात आवाज बुडतो तिथे ती शीळ टिकते. कागदावर ठिपके-रेघा काढून शिकू नका. अक्षराचा नाद पाठ करा. ठिपके मोजायची सवय लागली की वेग चार-पाच शब्दांवर अडतो. संगणकाच्या मदतीने मोर्सहूनही क्षीण संकेत पकडता येतात. २०१७ मध्ये आलेली एफटी८ ही पद्धत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत, कानाला ऐकूही न येणारे संकेत उकलते. ती तयार करणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. एफटी८ जरूर वापरा, पण शिकण्याची सुरुवात तिथून करू नका. तिथे ऐकण्याचं काम यंत्र करतं.

आणि आता सेट. विकतचे शंभर वॅटचे जपानी सेट उत्तम असतात, पण पहिला सेट म्हणून मी हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या बिटएक्सची शिफारस करेन. एका पट्ट्यावर एसएसबी बोलणारा हा ट्रान्सीव्हर त्यांनी आपल्या बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून होईल असा रचला. परदेशी मंडळी ज्या फेराइटच्या कड्यांवर वेटोळी गुंडाळतात त्या इथे मिळेनात, तेव्हा त्यांनी मूळ रचनेत चक्क नळाचे वॉशर वापरले. नळदुरुस्तीच्या दुकानातल्या त्या चकतीवर तार गुंडाळून जगभरात लोकांनी सेट बांधले. मंडल-आकृती खुली आहे, कोणीही बांधावी, सुधारावी. त्याची शक्ती पाच-सात वॅट. चांगल्या डायपोलवर तेवढ्यात देशभर बोलता येतं. असा सेट स्वतः बांधला की बिघडल्यावर कुठे हात घालायचा ते कळतं, आणि हे शिक्षण विकत मिळत नाही.

सुरुवातीला वगळलेला हँडसेट परवान्यानंतर अवश्य घ्यावा. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर तो शहरातल्या मित्रांशी आणि ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या डोंगरावरच्या रिपीटरमार्फत आणखी लांब बोलतो. शिवाय आकाशाकडेही बघता येतं. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक १४५.८ मेगाहर्ट्झवर खाली बोलतं. अंतराळवीर शाळांमधल्या मुलांशी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज साध्या हँडसेटवर दहाएक मिनिटं येतो. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्हीवरून साडेबेचाळीस किलोंचा हॅमसॅट हा उपग्रह सोडला, तो २०१४ पर्यंत हौशी मंडळींच्या कामी आला. त्यावरच्या दोन ट्रान्सपाँडरपैकी एक डच विद्यार्थ्याने बनवला होता. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी गेला. हॅम मंडळींनी एकमेकांना निरोप पाठवावेत, हा त्याचा एक उद्देश होता.

संकटकाळातल्या कामाची गोष्ट नेहमी सांगितली जाते, तीही या क्रमाशी जोडलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी तिथे केंद्रं लावून निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हैदराबादच्या संस्थेची तुकडी घेऊन अंदमानला गेल्या होत्या. तिथून हौशी केंद्र चालवायला कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम व्हीयू४ हे दुर्मीळ संकेतनाम मिळवायला आतुर होते. म्हणजे गेल्या त्या निव्वळ छंदासाठी. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि पोर्ट ब्लेअरमधलं तेच केंद्र मुख्य भूमीशी बोलू लागलं. पुढे कार निकोबारलाही केंद्र लागलं. कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाही, हे निरोप त्या तारेवरून गेले. तार आधीच बांधलेली होती आणि बोलणाऱ्यांचे कान आधीच तयार होते. संकट आल्यावर सेट विकत आणून हे जमलं नसतं.

परवाना हातात आला की पहिला दिवस असा घालवा. आधी पंधरा मिनिटं नुसतं ऐका. कोणी ‘सीक्यू’ म्हणत असेल, म्हणजे कोणीही उत्तर द्या असं बोलावत असेल, तर त्याचं पूर्ण होऊ द्या, मग आपलं संकेतनाम एकदाच, अक्षरं फोड करून सावकाश सांगा आणि थांबा. उत्तर आलं नाही तर लगेच ओरडू नका, तो दुसऱ्या कोणाशी बोलत असेल. आलं तर त्याला रिपोर्ट द्या, नाव आणि गाव सांगा. रिपोर्ट खरा द्या. सगळ्यांनाच फाइव्ह नाइन, म्हणजे आवाज अगदी उत्तम, असं देण्याची खोड लागली आहे, त्याने समोरच्याला आपल्या तारेबद्दल काहीच कळत नाही. शब्द तुटत असतील तर तुटतात म्हणून सांगा. मग नोंदवहीत लिहा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री साडेबाराला झालेल्या गप्पांची वेळ १९०० आणि तारीख आदल्या दिवसाची येते. बोलणं झाल्याची पावती म्हणून पाठवायचं क्यूएसएल कार्ड भरताना नवखे नेमके इथेच चुकतात, आणि तारीख जुळली नाही तर पलीकडचा ते कार्ड धरत नाही.